सिंहगडाच्या उतारावर ग्रेडियंट आणि डायव्हर्जन्स: प्रकल्प नोंदी

९ जून

काम ठरलं. सिंहगड आणि आजूबाजूच्या डोंगरांच्या उंचीचे आकडे घ्यायचे, त्यावरून ग्रेडियंट (चढ कुठल्या दिशेला आणि किती तीव्र) आणि डायव्हर्जन्स (एखाद्या जागेतून निव्वळ किती बाहेर जातं) काढायचे, नकाशा रंगवायचा. प्रत्येक रंगाचा अर्थ डोंगरावर बोट ठेवून सांगता आला पाहिजे, ही अट माझी. एम-थ्रीच्या (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या) पेपरात ∇ हे या दोन्हींचं चिन्ह दिसलं की मुलं पार्शल डेरिव्हेटिव्ह (एकेका दिशेने होणारा बदल) घेऊन मोकळी होतात, उत्तरही बरोबर येतं. पण "डायव्हर्जन्स उणे सहा आला, म्हणजे तिथे नेमकं काय चाललंय?" असं विचारलं की वर्ग छताकडे बघतो.

दोन विद्यार्थिनी आहेत. एकीचे शनिवार-रविवार ट्रेकमध्ये जातात, दुसरी पायथनमध्ये राहते. जोडी बरी जमली.

आकडे एसआरटीएमचे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, तीच माहिती. आपल्याला लागणारी टाइल एन१८ई०७३: अक्षांश १८ ते १९, रेखांश ७३ ते ७४. पुणे, सिंहगड, राजगड, तोरणा, रायगड, लोणावळा, सगळं हिच्यातच बसतं. एका बाजूला ३६०१ आकडे, म्हणजे एकूण १ कोटी २९ लाख ६७ हजार २०१. प्रत्येकी दोन बाइट, फाइल सुमारे २६ एमबीची. फोनमधल्या एखाद्या व्हिडिओपेक्षा लहान.

१० जून

फाइल वाचली. कोड लिहिणारीला आधीच सांगून ठेवलेल्या तीन गोष्टी इथे टिपून ठेवतो, पुढच्या तुकडीला लागतील.

एक, आकड्यातला मोठा बाइट आधी येतो. उलटं वाचलं तर उंचीचे आकडे भलतेच येतात. दोन, जिथे रडारला काही मिळालं नाही तिथे −३२७६८ भरलेलं असतं. ते आधी बाजूला काढायचं, नाहीतर त्या खड्ड्याचा उतार हिमालयालाही लाजवेल. तीन, ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात. नमपायचं (पायथनमधल्या गणिताच्या लायब्ररीचं) ग्रेडियंट फंक्शन ओळींच्या दिशेचा बदल आधी देतं, म्हणजे हातात येतो तो दक्षिणेकडे जाताना होणारा बदल. उत्तर धन धरायची असेल तर चिन्ह बदलायचं.

शिवाय जाळी चौरस नाही. एक सेकंद अक्षांश इथे साधारण ३०.७ मीटर, एक सेकंद रेखांश साधारण २९.४ मीटर. कोडमध्ये दोन वेगळी अंतरं टाकली. फळ्यावरच्या हिशेबाला सरसकट ३० मीटर धरू.

१३ जून

खऱ्या डोंगराला हात लावण्याआधी कागदी डोंगर. क्ष पूर्वेकडे, य उत्तरेकडे, सगळं मीटरमध्ये:

उ = १३०० − ०.००१ क्ष² − ०.००२ य²

माथा मध्यभागी, १३०० मीटरवर. सिंहगडाच्या उंचीच्या आसपास ठेवला, बाकी त्याचा गडाशी काही संबंध नाही. माथ्यापासून १०० मीटर पूर्वेला आणि १०० मीटर उत्तरेला उभे राहा. उंची १२७०. ग्रेडियंट (−०.२, −०.४). त्याची लांबी ०.४४७, म्हणजे साधारण २४ अंशांचा उतार. ग्रेडियंट चढाची दिशा दाखवतो, म्हणून पाणी त्याच्या उलट, (०.२, ०.४) कडे जाईल.

ट्रेकवालीने इथे बरोबर हटकलं. "सर, पाणी माथ्यापासून सरळ लांब जायला हवं ना? ईशान्येला?" नाही जात. माथ्याकडून आपल्याकडे येणारी रेघ पूर्वेशी ४५ अंश करते, आणि सर्वांत तीव्र उताराची दिशा ६३.४ अंश. डोंगर उत्तरेकडे जास्त वेगाने पडतो, त्यामुळे बाण तिकडे झुकतो. माथा कुठे आहे याची ग्रेडियंटला खबरच नसते. तो पायाखालच्या इवल्याशा तुकड्यापुरतं बोलतो आणि तिथल्या समोच्च रेषेशी (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघेशी) काटकोनात उभा राहतो. रात्री टॉर्चच्या उजेडात डोंगर उतरणाऱ्याला जेवढं दिसतं, तेवढंच त्याला दिसतं.

हा एक मुद्दा पक्का बसला तर निम्मं काम झालं. ग्रेडियंट घ्यायला हातात एकच संख्या लागते, प्रत्येक जागेची उंची. बाहेर येतो तो बाण.

१४ जून

डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह. पुस्तकात त्याला स्वतंत्र धडा असतो, डोंगरावर ते एका ओळीत संपतं: सर्वांत तीव्र दिशेशी θ कोन करून चाललात तर तुम्हाला लागणारा चढ = ग्रेडियंटची लांबी × कोसाइन θ. समोच्च रेषेवरून चाललात तर कोन ९० अंश, चढ शून्य.

हे सूत्र घाटात रोज वापरात असतं. डोंगराळ भागातल्या रस्त्याला सर्वसाधारण चढ ५ टक्के, म्हणजे २० मीटरला १ मीटर, ठेवावा असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. कालच्या ०.४४७ च्या उतारावर असा रस्ता काढायचा तर कोसाइन θ = ०.०५ ÷ ०.४४७, म्हणजे θ सुमारे ८३.६ अंश. रस्ता समोच्च रेषेपासून जेमतेम साडेसहा अंश सुटतो. घाटातला रस्ता डोंगराला बिलगून लांबच लांब का फिरतो, ते आलं.

रेल्वेला एवढाही चढ झेपत नाही. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर सर्वांत तीव्र चढ १:३७, म्हणजे २.७ टक्के. तरीही बहुतेक गाड्या कर्जतला मागे बँकर (मागून ढकलणारी) इंजिनं लावूनच वर जातात. त्याच डोंगरावर १:३७ साठी कोन ८६.५ अंश येतो. गाडीला वळायला जागाच नसेल तर? तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि झिगझॅगच्या पुढच्या रेघेवरून ती उलट दिशेने निघायची. १९२९ पर्यंत हे चाललं. कोसाइनची सक्ती एवढी की अख्खी गाडी मागे फिरवावी लागली. वर्गात हे उदाहरण पुस्तकातल्या "एका मुंगीला तापमान अमुक आहे" या प्रश्नापेक्षा कैक पटींनी चालतं.

१८ जून

खरा नकाशा काढला. ग्रेडियंटची लांबी रंगात, दिशा बाणांत. गडाच्या कड्यांची गडद कड लगेच ओळखू येते.

पण डोणागिरीचा कडा नकाशात बराच मवाळ दिसतो. असं व्हायचंच. समजा १०० मीटर उभा कडा आहे. आपण दोन्ही बाजूंच्या शेजारच्या घरांच्या (जाळीतल्या ३० मीटरच्या चौकोनांच्या) उंचीतला फरक ६० मीटरने भागतो. १०० ÷ ६० = १.६७, कोन ५९ अंश. प्रत्यक्षात ९०. उभ्या कड्यावर डेरिव्हेटिव्हच नसतं, आणि जाळी मात्र काहीतरी सभ्य उत्तर देऊन टाकते. सह्याद्रीत हे जागोजागी भेटेल, कारण लाव्ह्याचे थर एकावर एक बसल्याने डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा: कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा. म्हणून नकाशाखाली टीप टाकली: गडद रंग म्हणजे "किमान इतका उतार".

दुसरं टोक खडकवासल्याचं. एसआरटीएमच्या सुधारलेल्या आकड्यांत मोठे जलाशय एकाच उंचीवर सपाट केलेले असतात. तिथे ग्रेडियंट शून्य, आणि शून्याला दिशा नसते. बाण काढण्यासाठी लांबीने भागायला गेलो की शून्य भागिले शून्य. जलाशयावर बाण काढायचेच नाहीत, असं ठरवलं.

२१ जून

आज डायव्हर्जन्स. दिवसभर फळा आणि खडू, कॉम्प्युटर बंद.

आधी दोन जागा घेतल्या, दोन्हींची मधली उंची १००० मीटर, घरं ३० मीटरची.

घळ: पूर्वेला १००४, पश्चिमेला १००६, उत्तरेला १००९, दक्षिणेला ९९४.
सोंड: पूर्वेला ९९६, पश्चिमेला ९९५, उत्तरेला १००८, दक्षिणेला ९९२.

ग्रेडियंट काढा. घळीत पूर्वेकडचा भाग (१००४ − १००६) ÷ ६० = −०.०३३, उत्तरेकडचा (१००९ − ९९४) ÷ ६० = ०.२५. उतार १४.२ अंश. सोंडेवर ०.०१७ आणि ०.२६७, उतार १५ अंश. म्हणजे ग्रेडियंटला विचाराल तर दोन्ही जागा जुळ्या बहिणी. दोन्हीकडे पाणी दक्षिणेला जातं, जवळपास तेवढ्याच उतारावरून. आणि डोंगरात फिरलेल्या कोणालाही माहीत असतं की पावसात घळीतून लोंढा येतो आणि सोंडेवरून वाट निघते.

फरक कुठे लपलाय? मधल्या घराच्या चारही भिंतींचा (म्हणजे कडांचा) जमाखर्च मांडा. भिंतीतून बाहेर जाणारं धन, आत येणारं ऋण, आणि प्रवाह त्या भिंतीवरच्या उताराइतका धरा.

घळ: पूर्वेची भिंत (१००० − १००४) ÷ ३० = −०.१३३. पश्चिमेची −०.२. उत्तरेची −०.३. दक्षिणेची +०.२. बेरीज −०.४३३. घराच्या लांबीने, ३० ने भागा: −०.०१४४ प्रति मीटर. तीन बाजूंनी आत, एका बाजूने बाहेर, आणि येणारं जाणाऱ्यापेक्षा जास्त.

सोंड: +०.१३३, +०.१६७, −०.२६७, +०.२६७. बेरीज ०.३, भागिले ३०: +०.०१ प्रति मीटर. उत्तरेकडून आलं तेवढं दक्षिणेने गेलंच, शिवाय दोन्ही कुशींतून ओघळलं.

झालं, हाच डायव्हर्जन्स. एका घराचं निव्वळ बाहेर जाणं, घराच्या आकाराने भागून. पुस्तकातली पार्शल डेरिव्हेटिव्हची बेरीज म्हणजे घर लहान लहान करत नेल्यावर याच हिशेबाचं उरतं ते रूप. पूर्व-पश्चिम भिंतींची जोडी पहिली टर्म देते, उत्तर-दक्षिण भिंतींची दुसरी. आत जाणारा बाण असतो, बाहेर येते ती एकच संख्या. ग्रेडियंटचा प्रवास बरोबर उलटा होता. दोघींनी हे वहीत स्वतःहून शेजारी शेजारी लिहिलं, बरं वाटलं.

चिन्हाबद्दल: मॅक्सवेल १८७३ साली याच राशीचं चिन्ह उलटं घेत होता, आत गोळा होणारं धन. आपल्या घळींसाठी तेच सोयीचं पडलं असतं. पण आज सगळं जग बाहेर जाणाऱ्याला धन मानतं, आपणही तसंच.

एक गोष्ट लपवायची नाही: प्रवाह उताराच्या प्रमाणात असतो, हे आपण धरून चाललोय. डोंगरावरून धावणारं पाणी ते इमानेइतबारे पाळत नाही. जमिनीखाली वाळूतून झिरपणारं पाणी मात्र बऱ्यापैकी पाळतं. तो डार्सीचा नियम, १८५६ चा, फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून आलेला. तिथे जमिनीच्या उंचीऐवजी पाण्याच्या पातळीचा ग्रेडियंट घ्यायचा.

२२ जून

कालच्या हिशेबावर कोडवालीचा आक्षेप, आणि तो जबरदस्त होता. तिने मध्यभागातून चहूकडे निघणारे बाण काढले, केंद्रापासून र अंतरावर बाणाची लांबी १ ÷ र. कॉम्प्युटरने डायव्हर्जन्स शून्य दाखवला. "सर, बाण तर उघड उघड पांगतायत. मग शून्य कसं?"

दोन वर्तुळं काढली, ५० मीटर आणि १०० मीटर त्रिज्येची. आतल्या वर्तुळावर प्रवाह १/५०, परिघ २π × ५०, गुणाकार २π. बाहेरच्यावर १/१०० × २π × १००, पुन्हा २π. मधल्या पट्ट्यात जेवढं आलं तेवढंच गेलं. बाण पांगले खरे, पण तेवढ्याच प्रमाणात आखूड झाले. पट्ट्याच्या वहीत शिल्लक शून्य. जे काही निर्माण होतं ते अगदी केंद्रात, आणि तिथे सूत्र चालत नाही.

मग उलटं उदाहरण तिलाच शोधायला सांगितलं: बाण एकमेकांना समांतर, तरी डायव्हर्जन्स शून्य नाही. थोडा वेळ लागला, पण ट्रेकवालीने मदत केली. दक्षिणेकडे सरळ पडणारा उतार, वर ०.४, आडव्या अंतराने ३०० मीटर पुढे पायथ्याशी ०.१. सगळे बाण दक्षिणेलाच. डायव्हर्जन्स (०.१ − ०.४) ÷ ३०० = −०.००१ प्रति मीटर. वरून जोरात येतं, खाली सावकाश जातं, मधे साठतं. मुळशी-भोरकडे डोंगराच्या पायथ्याला भातखाचरं असतात ती अशाच जागी, असं तीच म्हणाली.

बाणांचं चित्र बघून डायव्हर्जन्सचा अंदाज करायची सवय वाईट. चित्रातल्या दिशेवर डोळा आधी जातो, लांबीकडे नंतर. यूट्यूबवरच्या सुंदर ॲनिमेशनांनी ही सवय आणखी पक्की केलीय, असं माझं स्पष्ट मत आहे.

२६ जून

पूर्ण टाइलवर डायव्हर्जन्स चालवला. मीठ-मिरपूड सांडल्यासारखा नकाशा. ना घळ दिसते ना सोंड.

कारण फळ्यावर काढलं. उंची पूर्ण मीटरमध्ये दिलीय, म्हणजे प्रत्येक आकड्यात अर्ध्या मीटरपर्यंत गोलाई. ग्रेडियंटमध्ये त्याने जास्तीत जास्त १ ÷ ६० = ०.०१७ चा फरक पडतो, ०.२५ च्या उतारापुढे तो किरकोळ. डायव्हर्जन्समध्ये मधला आकडा चारदा येतो आणि शेजारी चार, म्हणजे ४ ÷ ९०० = ०.००४४ पर्यंत. आपली सोंडच मुळी ०.०१ ची होती! नुसत्या गोलाईने निम्म्याच्या जवळ खाल्लं. शिवाय रडार झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही उंचीत धरतं, आणि मोहिमेची अट होती ती १६ मीटरच्या आतल्या अचूकतेची. शेजारच्या घरांमधली चूक यापेक्षा कमी असते, पण हा हिशेब बिघडवायला दोन-तीन मीटरही पुरतात.

उपाय: आधी सुमारे ९० मीटरच्या आवाक्यात उंची गुळगुळीत केली, मग डायव्हर्जन्स. नकाशा एकदम बोलायला लागला. किंमत अर्थात मोजावी लागली, कडे आणखी मवाळ झाले. म्हणून ग्रेडियंटचा नकाशा मूळ आकड्यांवरचा ठेवला आणि डायव्हर्जन्सचा गुळगुळीत आकड्यांवरचा.

२८ जून

गडाभोवतीचा २०० × २०० घरांचा चौकोन घेतला. ४०,००० घरं, प्रत्येकाच्या चार भिंती. सगळ्या घरांचे जमाखर्च एकत्र केले आणि दुसरीकडे फक्त बाहेरच्या कुंपणावरच्या ८०० भिंतींचा हिशेब केला. मूळ आकड्यांतले नुसते फरक घेतले (म्हणजे पूर्णांकच राहतात), तर दोन्ही बेरजा शेवटच्या अंकापर्यंत एक. आतली प्रत्येक भिंत दोन घरांच्या वहीत येते, एकात जमा, दुसऱ्यात खर्च, आणि कटते. उरतं ते कुंपण.

गाउसच्या डायव्हर्जन्स प्रमेयाची सिद्धता म्हणून मी हे खुशाल स्वीकारेन. गाउस, ग्रीन, ऑस्ट्रोग्राड्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे वेगवेगळ्या वाटांनी गाठलं, त्यातली मोठी अडचण घर शून्याकडे नेण्याची होती. भिंती कटण्याची गोष्ट इतकीच.

२ जुलै

बाहेर धो धो पाऊस. तोच विषय काढला.

नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीवर आदळतो तेव्हा हवा किती वेगाने वर जाते? वारा आणि उंचीचा ग्रेडियंट यांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे वाऱ्याचा वेग × त्याच्या दिशेने असलेला चढ. सेकंदाला १० मीटर वारा, त्याच्या दिशेने ०.१ चा चढ: सेकंदाला १ मीटर वर. डोंगर ओलांडला की चढाचं चिन्ह बदलतं, हवा खाली उतरते. महाबळेश्वरला कोसळतो आणि वाई तुलनेने कोरडी राहते, त्यामागचं हे पहिलं गणित. समुद्रावर डोंगर नसतो, तिथे हवा वर ढकलतो तो आडव्या वाऱ्याचा ऋण डायव्हर्जन्स: सेकंदाला −०.००००१ असेल आणि जमिनीपासून १ किलोमीटर उंचीपर्यंत तोच राहिला, तर वर जाण्याचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. शंभरपट कमी, पण शेकडो किलोमीटरवर पसरलेला आणि दिवसेंदिवस टिकणारा.

५ जुलै

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नकाशावर ठेवला. डोंगरउतारावरच्या निळ्या रेघा आपल्या ऋण पट्ट्यांतून जातात, समोच्च रेषांचे माथ्याकडे वळलेले कोपरेही तिथेच. पायथ्याच्या सपाटीवर जुळणी ढिली पडते. तिथे उंचीतले फरक आकड्यांमधल्या चुकांइतकेच आहेत. खडकवासल्याच्या काठाने ऋण किनार उमटलीय, ती बरोबर. काठावरचं घर तीन बाजूंनी घेतं आणि सपाट पाण्याकडे काहीच देत नाही.

नदी कुठे वाहते हे मात्र डायव्हर्जन्स सांगत नाही, ही मर्यादा अहवालात ठळक लिहायला सांगितली. मुठेचं पाणी लांबून आलेलं असतं आणि डायव्हर्जन्स फक्त त्या एका घराचं बोलतो. त्यासाठी प्रत्येक घराचं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या घरात सोडायचं आणि वरून खालपर्यंत मोजत यायचं; १९८४ पासून रूढ असलेली ही डी-८ पद्धत. क्यूजीआयएसमध्ये तयार मिळते, पण दोघींना हाताने लिहायचीय. लिहू देत.

८ जुलै

तोंडी परीक्षेची तयारी. खिंडीवर एक प्रश्न हवाच: दोन बाजूंना चढ, पुढेमागे उतार, मधोमध ग्रेडियंट शून्य. डायव्हर्जन्स? चढ आणि उतार सारखेच वाकलेले असतील तर शून्य, बाजूच्या भिंती जास्त वळलेल्या असतील तर ऋण. ग्रेडियंट शून्य म्हणजे डायव्हर्जन्सही शून्य असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न कागदी डोंगराच्या माथ्याचा: तिथे उतार शून्य, डायव्हर्जन्स ०.००६.

अहवाल बांधायला दिला. कर्ल (बाण गोल फिरतात का, ते मोजणारी राशी) या प्रकल्पात घेतला नाही. उंचीवरून काढलेल्या ग्रेडियंटचा कर्ल शून्यच यायचा, कारण डोंगराला फेरी मारून त्याच जागी आलात की चढ-उताराची बेरीज शून्य. पुढच्या तुकडीला वाऱ्याचे आकडे मिळवून द्यावे लागतील.